दोन कॉलमात शेत मावते का?

पऱ्हाटीवाला: काल इथं एका भाऊनं ठोकून देल्लं, "शेतं डेटाबेसमध्ये ठेवाले पोस्टजीआयएस (डेटाबेसचं नकाशावालं जोडकाम) कायले पाह्यजे, लॅटचा म्हंजे अक्षांशाचा एक कॉलम, लाँगचा म्हंजे रेखांशाचा एक, दोघांवर इंडेक्स मारा, काम खतम." रातभर डोक्यात तेच. बाप्पा, शेत म्हंजे ठिपका हाये का? साधा इंडेक्स म्हंजे पटकन शोधाची सूची, बी-ट्री, तिले एकच रांग समजते. लॅटचा इंडेक्स यवतमाळच्या रेषेतला आडवा पट्टा देईन, लाँगचा उभा, मंग दोन्हींची गाठ घालत बसा. पोस्टजीआयएसच्या जिस्ट इंडेक्सच्या पोटात आर-ट्री असते, १९८४ मध्ये गटमननं मांडलेली. एकेका शेताभोवती चौकट, अशा बऱ्याच चौकटींभोवती मोठी चौकट, त्यावर आणखी मोठी. विहिरीचा पॉइंट देल्ला की जिथं तो बसतच नाई त्या सगळ्या चौकटी बाद, उरलेल्या दोन-चार शेतांचीच खरी हद्द तपासाची.

दोन_कॉलमवाला: तो भाऊ मीच. ठिबकचं दुकान हाये, ६०० गिऱ्हाईक, सगळे पॉइंट. ६०० ओळी पूर्ण वाचल्या तरी चहा थंडा होत नाई. अन् माह्या स्वस्त होस्टिंगवर फक्त मायएस्क्यूएल हाच डेटाबेस भेटते, ज्ञान पाजळून काय फायदा?

वणीची_ताई: मायएस्क्यूएलच्या इनोडीबीत (डेटा साठवाच्या इंजिनात) ५.७ व्हर्जनपासून स्पेशियल, म्हंजे जागेवरून शोधाचा, इंडेक्स हाये भाऊ. फक्त ८ वर जाताना सांभाळा, ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत ते आधी लॅट वाचते मंग लाँग, पोस्टजीआयएसचं उलटं. मी तिकडची फाइल तशीच उचलून टाकली होती, घाटंजीचे शेतं निघाले थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्डपाशी, बर्फात. साहेब म्हणे, ताई, तिथं कापूस होते का?

धुऱ्याचा_बळी: इंडेक्स घाला चुलीत. सातबाऱ्यावर माहे ०.८१ हेक्टर, म्हंजे २ एकर. गावातल्या पोट्ट्यानं लॅपटॉपवर एसटी एरिया (क्षेत्रफळाचं फंक्शन) चालवलं तं आलं ०.०००००० अन् शेवटी एक ७. म्हणे काका, तुमचं शेत शून्यच हाये. इकडं चुलतभाऊ दर साली नांगराचा एक तास धुऱ्यात (बांधात) घुसून रायला, मी मोबाइल घेऊन चारी धुरे फिरलो, नकाशा काढून मोजणीवाल्याले दाखवला, तर थो हासला.

वणीची_ताई: काका, ते चौरस डिग्री हाये. गोल पृथ्वीवर मोजणारा जिऑग्राफी टाइप लावा, चौरस मीटर भेटते, ८१०० च्या आसपास येईन. ३२६४४ या मीटरवाल्या पद्धतीत बदलूनही येते, पण ती उभ्या झोनात वाटलेली हाये, अन् आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की ७८ अंशाची रेषा मधातून जाते, वणी ४४ च्या झोनात अन् पुसद ४३ च्या. पूर्ण जिल्हा एका टेबलात ठेवाचा तं जिऑग्राफीच बरी.

पऱ्हाटीवाला: अन् मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं सहज जाते, तास कितीकचा असते? जे टाकलं तेच डेटाबेस ठेवते, त्याले धुरा नाई दिसत. हासला त्यात त्याचं काय चुकलं?

धुऱ्याचा_बळी: तुमचं काय जाते बोलाले! पुण्यात एसीत बसून आमाले शिकवता.

पऱ्हाटीवाला: काहून पुणं? कळंबले राह्यतो, तीन तासापासून लाइट नाई, अंधारात मोबाइलवर टाइप करून रायलो. माह्या बापानंही धुऱ्यापायी भावाशी बोलणं सोडलं, १२ वर्सं. मले नका सांगू.

दोन_कॉलमवाला: तुमचं भांडण संपलं असंन तं एक विचारतो. दुसऱ्या मशीनवर पोस्टजीआयएस टाकून पाह्यलं, गावचे गट टाकले, ५०० मीटरमधले शेजारी मागतले. इंडेक्स बनवला तरी अख्खं टेबल वाचते.

वणीची_ताई: वेअरमध्ये (अटीत) एसटी डिस्टन्स, म्हंजे अंतर मोजाचं फंक्शन, लिहिलं असंन, त्याले इंडेक्स नाई लागत. एसटी डीविदिन घ्या, ते इतक्या अंतराच्या आत हाये का तेच विचारते. अन् जिऑग्राफी नसंन तं ५०० म्हंजे ५०० डिग्री, अख्खी पृथ्वी तुमची शेजारी होईन.

दोन_कॉलमवाला: झालं. चाललं. शेतांपुरतं तुमचं खरं, घ्या, पेढे वाटा. ठिबकवाल्यांचे दोन कॉलम मी हलवणार नाई.

धुऱ्याचा_बळी: अन् माह्या धुऱ्याचं?

वणीची_ताई: काका, मोजणीचा अर्ज करा पुन्हा.

धुऱ्याचा_बळी: दोनदा केला ना ताई. आता पैसे भरून तिसऱ्यांदा.