मदत हवी आहे: एकाच रुग्णात अनेक जुनाट दुखणी, वेदना-नियमन चाचणी कशी बसवावी?

फायब्रोमायल्जिया (अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं), मायग्रेन आणि जबड्याच्या सांध्याचं दुखणं एकत्र असलेल्यांसाठी चाचणी आखतोय. आधी मांडीवर अल्गोमीटरने (दाब मोजणारं उपकरण) दाब-वेदनेचा उंबरठा, म्हणजे किती दाबाला दुखायला लागतं ते, मग विरुद्ध बाजूचा हात १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, लगेच पुन्हा उंबरठा. मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारी वेदनारोधक यंत्रणा नीट असेल तर हा उंबरठा सहसा वाढतो. पाणी सतत ढवळतं ठेवणार, नाहीतर हाताभोवती कोमट थर साचतो.

अडचण ही की या रुग्णांना गारठा इतका झोंबतो की मिनिटभरही हात टिकत नाही. सरसकट १२ अंश ठेवावेत, की ज्याच्या-त्याच्या वेदनेनुसार, १० पैकी ४-५ येईल असं तापमान? मांडीच दुखरी असेल तर जागा कुठली घ्यावी? ड्युलॉक्सेटिन (नैराश्य आणि जुनाट वेदनेवरचं औषध) याच वेदनारोधक यंत्रणेला बळ देतं, म्हणून ते घेणाऱ्यांचा गट वेगळा ठेवतोय. निव्वळ चाचणीसाठी औषध तोडणं मला पटत नाही.