एलिमेंटरीचं वस्तुचित्र: तांब्याचा काठ चुकतो, रंग मळतो

फळा_खडू:
आठवीची 46 मुलं यंदा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणार आहेत. आठवड्याला 35 मिनिटांच्या दोन तासिका मिळतात. स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन बऱ्यापैकी मार्गी लागलंय, घोडं अडतंय वस्तुचित्रापाशी. मांडणी साधीच असते: पितळी तांब्या, दोन वांगी, मागे एकरंगी कापड. पण तीन चुका जवळजवळ प्रत्येक कागदावर दिसतात. तांब्याचं तोंड डोळ्याच्या आकाराचं, दोन्ही टोकांना टोकदार. तळ सरळ रेघेने कापलेला. आणि रंग दुसऱ्या थरालाच मळकट. कागद क्वार्टर इम्पिरियल (साधारण 11 बाय 15 इंच), पोस्टर कलर, 4 आणि 8 नंबरचे गोल ब्रश. पोस्टर कलर सोडून जलरंगावर जावं का? पेपरचे अडीच तास कसे वाटून द्यावेत?

तिरकी_रेघ:
आधी रेखाटनाचं सांगतो.

मूल वरची कमान वेगळी आणि खालची वेगळी काढून दोन्ही कडेला जोडतं, म्हणून काठ टोकदार येतो. गोल तोंड तिरपं बघितलं की लंबगोल दिसतं आणि लंबगोलाला कोपरा नसतो. तासिकेची पहिली पाच मिनिटं रफ कागदावर फक्त लंबगोल काढून घ्या. मनगट टेकायचं नाही, हात खांद्यापासून फिरवायचा, पेन्सिल न उचलता एकच आकार हलक्या हाताने पाच-सहा वेळा गिरवायचा. टोकं आपोआप गोल होतात.

तांब्याला सुरुवात मध्यरेषेपासून. काठ, मान, पोट आणि तळ यांच्या आडव्या रेषा तिला काटकोनात. मांडणीच्या अगदी बाजूला बसलेली मुलं काठ तिरपा काढतात, पण उभ्या तांब्याचा लंबगोल कुठूनही बघितला तरी आडवाच असतो.

तळ सरळ येण्याचं कारण म्हणजे मूल बघून काढत नाही, टेबल सपाट असतं हे त्याला माहीत असतं म्हणून तसं काढतं. यावर काचेच्या पेल्यात अर्धं रंगीत पाणी घ्या आणि पेला हळूहळू मुलाच्या डोळ्यासमोर वर न्या. डोळ्याच्या पातळीला पाण्याची नुसती रेघ दिसते. पेला खाली नेऊ लागलं की तीच रेघ उघडत जाते. वस्तू डोळ्याखाली जितकी जास्त, तितका लंबगोल जास्त गोल. म्हणजे तांब्याच्या तळाची कमान काठापेक्षा जास्त भरलेली हवी. हे तोंडी सांगून कळत नाही, पेल्याने दोन मिनिटांत कळतं.

तळाचा लंबगोल मागच्या न दिसणाऱ्या बाजूसकट पूर्ण काढायला लावा, नंतर खोडा. वांगी जिथे टेकली आहेत ती जागाही तशीच आखायची. तांब्याचा तळ आणि वांग्याची जागा एकमेकांत घुसली तर समजा मांडणी चुकली, कारण दोन वस्तू एकाच जागी बसू शकत नाहीत. पुढची वस्तू कागदावर खाली टेकते. सगळ्यांचे तळ एकाच रेषेवर आले तर वस्तू फळीवर ओळीने मांडल्यासारख्या दिसतात.

मापं घेताना हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिलीवर अंगठा. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. पोटाची रुंदी उंचीत किती वेळा बसते एवढं एकच प्रमाण आधी पक्कं करा.

आणि मऊ, काळी उमटणारी 4बी पेन्सिल काढून घ्या. एचबी पुरे. दाबून काढलेलं शिसं ओल्या पिवळ्यात मिसळतं, पिवळा हिरवट-काळपट होतो. रंग मळण्याचं निम्मं मूळ तिथेच असतं.

ओला_ब्रश:
रेखाटनाबद्दल सहमत. आता रंग.

पोस्टर कलर वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. मुलं वरचा थर पातळ घेऊन तीन-चारदा घासतात, खालचा रंग उठून त्यात मिसळतो. तोच तो राखाडी चिखल. रंग साईसारखा हवा आणि एका जागी ब्रश एकदाच फिरायला हवा, फार तर दोनदा. पुढचा थर द्यायच्या आधी बोटांच्या मागच्या बाजूने कागदाला हलकेच स्पर्श करायचा. गार लागला तर तो अजून ओला आहे, चकाकी गेलेली असली तरी. दमट हवेत त्याला बराच वेळ लागतो, तोवर कापडाकडे वळावं.

पाण्याची भांडी दोन: एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. शेजारी जुन्या सुती कापडाचा तुकडा. धुतलेला ब्रश टिपला नाही तर त्याच्या टाचेतलं (केसांच्या मुळाशी साठलेलं) पाणी रंगात उतरतं.

छटेसाठी काळा अजिबात नको. पितळेवर काळा चढवला की तो शेवाळल्यासारखा दिसतो. उजेडाच्या बाजूला लेमन यलो आणि थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा). मधल्या भागात नुसता यलो ऑकर. सावलीत यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सगळ्यात गडद जागी बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीनचा (गडद निळ्याचा) एक थेंब. सावलीच्या अगदी कडेला कापडाचा रंग किंचित परतून दिसतो, तो पट्टा सोडू नका, गोलाई त्यानेच येते. चकाकीचा पांढरा सगळ्यात शेवटी, एकाच ठिपक्यात. तोही तिथेच, जिथे खिडकीचं प्रतिबिंब पडलंय.

वांग्याला क्रिमझन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन. चकाकी शुभ्र न ठेवता पांढऱ्यात निळ्याचा अंश घाला. देठाच्या टोपीला सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट सिएना चिमूटभर, नाहीतर हिरवा प्लॅस्टिकसारखा ओरडतो.

पांढरा मिसळून उजळ करायची सवय मोडा, त्याने सगळं चित्र खडूसारखं होतं. गडद छटा वाळल्यावर थोडी उजळते, फिकट थोडी गडद होते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर वाळवून बघावी.

जलरंगाबद्दल: आत्ता बदलू नका. पारदर्शक रंगात उजेड आधीच राखून ठेवावा लागतो, चूक झाकता येत नाही. दोन तासिकांत ते बसणार नाही.

घडीचा_कागद:
ओला_ब्रश ताईंचं जलरंगाबद्दलचं म्हणणं पटतं, पण एक वेगळा आग्रह धरतो. पहिले तीन आठवडे सगळे रंग देऊच नका. एकाच रंगात, नुसत्या बर्न्ट सिएनात, तीन छटा: उजेड, मध्यम, गडद. ज्याला एका रंगात तांब्या गोल करता येत नाही, त्याला पाच रंग दिले तरी तो गोल होत नाही.

प्रकाशाचीही व्यवस्था लावा. एका बाजूची खिडकी उघडी, बाकीच्या बंद, वरची ट्यूबलाइट बंद. दोन बाजूंनी उजेड आला की दोन पडछाया (वस्तूच्या कापडावर पडणाऱ्या सावल्या) पडतात आणि मुलं गोंधळतात. 46 मुलांना एक मांडणी पुरत नाही. तीन करा, प्रत्येकी 15-16 मुलं, अर्धवर्तुळात. मांडणीच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसवा. त्याहून जवळ बसलेल्याला काठ आणि तळ एका नजरेत दिसत नाहीत.

अडीच तासांचं गणित: 10 मिनिटं नुसतं बघून अंगठ्याएवढे दोन कच्चे आराखडे. 35 मिनिटं रेखाटन. 20 मिनिटांत कापड आणि टेबल, म्हणजे कागद लवकर भरतो आणि पांढरेपणाने नजर फसत नाही. 55 मिनिटं वस्तू, मोठी आधी. 15 मिनिटं पडछाया. उरलेला वेळ वाळायला आणि शेवटच्या गडद-उजळ ठिपक्यांना. रेखाटन 50 मिनिटांवर गेलं तर रंग घाईत मळणारच.

फळा_खडू:
मनापासून धन्यवाद. पेल्याचा प्रयोग उद्याच करते. एक राहिलं: पडछाया मुलं काळ्या डबक्यासारखी रंगवतात. आणि वस्तूभोवती शेवटी काळी बाह्यरेषा ओढतात, ती कशी सोडवायची?

ओला_ब्रश:
पडछाया म्हणजे कापडाचाच रंग, गडद केलेला. निळ्या कापडावर पडछाया गडद निळी, त्यात बर्न्ट सिएना जरासा. तांब्याच्या तळाला चिकटून सगळ्यात गडद आणि कडा रेखीव, लांब जाताना फिकट आणि कडा विरघळलेली.

बाह्यरेषेसाठी कागद उलटा धरून लांबून बघायला लावा. तांब्याची उजेडाची कड गडद कापडावर उठते, सावलीची कड त्यातच मिसळते. ती मिसळलेली कड तशीच राहू द्यायची. उजेडाच्या बाजूला कड उठत नसेल तर तांब्याला हात न लावता मागचं कापड तिथे एक छटा गडद करायचं.