बेसबॉल बॅट नावाचं वटवाघूळ मराठीत कसं आणायचं?

दांडियाबाजारचा मामा:
मंडळी, एका शत्रूपाशी अडलोय. भाचा दहा वर्षांचा, गुजराती माध्यमात, इंग्रजी अजून अडखळत वाचतो. सुट्टीत दुपारी आमच्याकडे असतो तेव्हा मी त्याला 'किंगडम ऑफ लोदिंग' मराठीत वाचून दाखवतो. २००३ पासून ब्राउझरमध्ये चालणारा रोल-प्लेइंग गेम. माणसं काड्यांची, पैशांऐवजी मांस (हे आईला अजून कळलेलं नाही), आणि सगळी मजा मजकुरात. दारूचे विनोद मी गाळतो, बाकी जसंच्या तसं.

चौथ्या लेव्हलला बॉस बॅटला मारायची कामगिरी मिळते. त्याच्या गुहेत नाना तऱ्हेची वटवाघळं, आणि त्यांत एक 'बेसबॉल बॅट'. मी फिस्सकन हसलो. भाचा म्हणे, "काय झालं?" सांगितलं, बॅट म्हणजे फळी आणि बॅट म्हणजे वटवाघूळसुद्धा. त्यावर हा, "पण मामा, चामाचीडियुंला बॅट कोण म्हणतं?"

संपलं. समजावून सांगितलेला विनोद म्हणजे डब्याबाहेर राहिलेला खाखरा.

गंमत म्हणजे त्याच गुहेत 'सोनार-इन-अ-बिस्किट' मिळतं. इंग्रजीत सोनार म्हणजे प्रतिध्वनीवरून वस्तू शोधायचं तंत्र, आणि वटवाघळंही आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात, त्यावरची कोटी. ते वापरलं की दगड फुटून पुढची वाट मोकळी होते. मी नुसतं "बिस्किटातला सोनार" म्हटलं आणि पोरगं गादीवर लोळलं. मूळ लेखकाच्या ध्यानीमनी नसलेला विनोद आपल्याला फुकटात! मग बेसबॉल बॅटनेच काय घोडं मारलंय?

रावपुरा एक्सप्रेस:
सरळ क्रिकेट बॅट करा. ज्या बडोद्याच्या हजारे-गुल महंमद जोडीने १९४७ च्या रणजी फायनलमध्ये होळकर संघाला ५७७ धावांची भागी करून दमवलं, तिथल्या पोराला बेसबॉल कशाला?

दांडियाबाजारचा मामा:
अहो, क्रिकेटची केली तरी वटवाघूळ कुठून येणार? घोडं बॅटपाशीच अडलंय. शिवाय अंधाऱ्या गुहेत बेसबॉल, हा वेडेपणा मला हवाय.

नऊ_इनिंग:
मग आधी त्याला बेसबॉलची गोडी लावा. तिथली बॅट गोल दांडक्यासारखी, जाडी जास्तीत जास्त २.६१ इंच. आपली सपाट, ४.२५ इंचांपर्यंत रुंद. म्हणजे तिकडे चेंडू नीट लागणं हेच मुळात अवघड, आणि तीन स्ट्राइक (फटका चुकला किंवा मारण्याजोगा चेंडू सोडला की एक) झाले की घरी. 'अर्थबाउंड' या व्हिडिओ गेममध्ये (जपानात १९९४) केसी बॅट नावाचं हत्यार आहे. मारा जबरदस्त, पण चारांतले तीन फटके हवेत. १८८८ च्या एका अमेरिकन कवितेत केसी नावाचा गाजलेला फलंदाज ऐन वेळी तिसरा स्ट्राइक खाऊन बाद होतो, त्याची ही थट्टा. याला कोटी लागत नाही. गल्लीत असा एक केसी असतोच, आणि बहुतेक वेळा बॅट त्याचीच असते म्हणून त्याला काढताही येत नाही.

सुरसागरची मावशी:
मला तुमचा गेम कळत नाही. पण वटवाघूळमधला 'वट' काढून 'बॅट' घातला तर? बॅटवाघूळ.

रावपुरा एक्सप्रेस:
मावशी, साष्टांग नमस्कार. हजारेंना मागे घेतो.

दांडियाबाजारचा मामा:
मावशी, आज दुपारी वापरलं. "समोरून बेसबॉलचं बॅटवाघूळ आलं!" पोरगं दोन सेकंद गप्प, मग खिदळायला लागलं, आणि लगेच विचारलं, "बॉलवाघूळ कधी येणार?" संध्याकाळी खाली क्रिकेट खेळताना आउट झाला तर बॅट डोक्यावर उलटी धरून पंख्यासारखी हलवत घरी आला. बहिणीचा फोन येऊन गेलाय.

आता पुढच्या दालनात 'बीनबॅट' आहे. मी 'वालवाघूळ' योजलंय. मावशी, चालेल ना?

सुरसागरची मावशी:
चालेल. पण वाल सोललेले की सालासकट, ते तो विचारेल. तयारीत राहा.