मदत हवी आहे: ट्रेलरची स्लाइड अडकली, उद्या सकाळी निघायचंय!

फिरस्ता_टेनेसी (रात्री ७.४०)
लवकर सांगा प्लीज. स्लाइड, म्हणजे राहायच्या ट्रेलरची बाहेर सरकणारी खोली, आत जात नाहीये. बटण दाबलं की मागची बाजू दोन-तीन इंच सरकते, पुढची जागची हलत नाही. करर्र आवाज येतो आणि बंद. परवा बाहेर काढताना काहीच त्रास नव्हता. फ्यूज बघितले, ठीक आहेत. आतले दिवे लागताहेत, म्हणजे करंट आहे. आता काय करू?

मीनल_एम (७.४६)
कुठली स्लाइड? रॅकवाली, केबलची, हायड्रॉलिक? ट्रेलर कुठला, किती जुना? हुकअप (कॅम्पच्या जागी वीज-पाण्याची जोडणी) आहे का? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

फिरस्ता_टेनेसी (७.४९)
प्रकार माहीत नाही हो, बटण दाबलं की चालते. २८ फुटी, वापरलेला घेतलाय. सोफा आणि जेवणाचं टेबल आहे त्यात.

तेलकट_बोटं (७.५२)
दात्यांवर डब्ल्यूडी-४० मारा. माझी अशीच अडकली होती, दोन मिनिटांत सुटली.

बंडूकाका_ओहायो (७.५५)
काहीही मारू नका! ओल्या तेलाला धूळ चिकटते आणि दात्यांत रेती बसते. मारायचंच तर कोरडं सिलिकॉन. फिरस्ता, बाहेर जाऊन स्लाइडच्या दोन्ही कडांना बघा. वर-खाली अॅल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या दिसल्या तर ती श्विन्टेक. खाली जाडजूड दांडे असतील तर रॅक-पिनियन. कोपऱ्यात स्टीलच्या तारा असतील तर केबल.

फिरस्ता_टेनेसी (७.५८)
बाहेर जाऊन कसा बघू? मी गॅटलिनबर्गला पेट्रोल पंपावर उभा आहे. एल्कमाँटच्या कॅम्पग्राउंडला रेंज नाही, म्हणून ट्रक सोडवून आठ मैल आलोय. बायको आणि पोरगा तिकडे ट्रेलरमध्ये. फोनमधल्या फोटोत मात्र पट्ट्या दिसताहेत, दातेरी आहेत.

मीनल_एम (८.०१)
एल्कमाँट!! हे आधी सांगायचं ना. तिथे हुकअपच नाही. म्हणजे सगळं बॅटरीवर. किती रात्री झाल्या? फर्नेस, म्हणजे ट्रेलरचा हीटर, लावलं होतं?

फिरस्ता_टेनेसी (८.०४)
दोन रात्री. हो, रात्रभर. ऑक्टोबर आहे, पोराला थंडी वाजते. पण ते गॅसवर चालतं ना?

बंडूकाका_ओहायो (८.०९)
जाळ गॅसचा, पंखा बॅटरीचा. तो ७-८ अँपिअर खातो. दिवे लागतात म्हणून करंट आहे, हा हिशोब चुकीचा. एलईडी दिव्याला काय लागतं? श्विन्टेकमध्ये दोन मोटरी असतात, प्रत्येक कडेला एक. दोन्हींची गती जुळवायचं काम कंट्रोलर करतो. व्होल्टेज पडलं की एक मोटर मागे राहते, खोली तिरकी होते आणि कंट्रोलर बंद करून टाकतो. तुमचा करर्र तोच.

निवांत_नागपूरकर (८.१३)
मुळात ही खोली बाहेर काढायची भानगड कशाला? अमेरिकेत गाडीला रस्त्यावर १०२ इंचांहून जास्त रुंदी चालत नाही, म्हणून मुक्कामी पोचल्यावर खोली बाहेर काढतात. आपल्याकडे असं काही आलं तर घाटात पार्क करून बघा!

शिल्पा_के (८.१५)
एल्कमाँटला काजवे पाहायला मे अखेर ते जूनच्या मध्यात जा, एकाच वेळी चमकतात. पण त्याचा परवाना लॉटरीने मिळतो.

मीनल_एम (८.१६)
शिल्पा, त्याची स्लाइड अडकलीय.

तेलकट_बोटं (८.२०)
ट्रेलर वाकडा उभा असेल. मी नेहमी स्टॅबिलायझर टेकवून मगच स्लाइड काढतो.

बंडूकाका_ओहायो (८.२४)
स्टॅबिलायझर उचलायला नसतात हो, फक्त हलू नये म्हणून असतात. आधी लाकडी ठोकळ्यांवर लेव्हल करायचं. पण बाहेर येताना नीट आली ना, मग लेव्हलचा प्रश्न आता कशाला?

फिरस्ता_टेनेसी (८.२७)
भांडू नका. जनरेटर आहे माझ्याकडे. आत्ता जाऊन लावू?

मीनल_एम (८.२९)
नाही! तिथे रात्री ८ ते सकाळी ८ जनरेटरला बंदी आहे. शेजारचे रेंजरला बोलावतील. पण सकाळी ६ ला शांततेची वेळ संपते, तेव्हा ट्रक ट्रेलरच्या बॅटरीजवळ लावा, इंजिन चालू ठेवा आणि जंपर केबल जोडा. ट्रक-ट्रेलर जोडणाऱ्या ७ पिनच्या प्लगवर विसंबू नका, ती तार बारीक असते, जेमतेम थेंबथेंब चार्ज होतो. आज फर्नेस बंद, दोन गोधड्या जास्त.

बंडूकाका_ओहायो (८.३३)
सहमत. आधी स्लाइड पूर्ण बाहेर न्या आणि मोटरी आपोआप थांबेपर्यंत बटण सोडू नका, म्हणजे दोन्ही परत जुळतील. मग आत. मधेच बोट उचलायचं नाही. तेवढ्यानेही नाही झालं तर कंट्रोलर शोधा, बहुधा सामानाच्या कप्प्यात असतो. त्यावरचं मोड बटण ६ वेळा पटापट दाबा, सातव्यांदा साधारण ५ सेकंद धरून ठेवा, दिवे लुकलुकले की स्लाइडचं नेहमीचं बटण वापरून आत घ्या. त्या वेळी मोटरी जुळवल्या जात नाहीत, दोघांनी दोन्ही कडांना उभं राहून बघा.

निवांत_नागपूरकर (८.३५)
आणि चकल्या-फरसाण ट्रकमध्ये बंद करा. अस्वलं आहेत तिथे.

फिरस्ता_टेनेसी (८.३६)
चकल्या बायकोच्या हातात आहेत, अस्वलाला चान्स नाही. निघतो.

फिरस्ता_टेनेसी (दुसऱ्या दिवशी, ११.१०)
झालं! मल्टिमीटर लावला तर ११.४ व्होल्ट, बटण दाबलं की थेट ९. सहा वाजता जंपर लावले, वीस मिनिटं थांबलो. पूर्ण बाहेर नेली, टक्क करून थांबली, मग एका दमात आत. मोड बटणाची वेळच आली नाही. स्लाइडच्या छतावर ओकची फळं मूठभर होती, ती बायकोने झाडूने आधीच काढली. रात्री तिघं एका दुलईत झोपलो, पोरगा खूश.

तेलकट_बोटं (११.२५)
ओकची फळं होती ना? मग तीच अडकली असणार.

बंडूकाका_ओहायो (११.२६)
😑

शिल्पा_के (११.४०)
काजव्यांच्या लॉटरीसाठी वेगळा धागा काढू का?