नववीच्या मुलांना व्हिडिओ शिकवते आहे, पण कॅमेरा सुरू झाला की सगळे टीव्हीसारखे बोलतात. काय करू?

विज्ञानाच्या मॅडम, घाटंजी

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांकडून शनिवारच्या सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास मागून घेतले, नववीच्या मुलांना व्हिडिओ करायला शिकवायचं म्हणून. वर्गात ३१ मुलं. फोन तीन: माझा, गणिताच्या सरांचा आणि माझ्या भावाचा जुना, काच तडकलेली पण कॅमेरा धड आहे. स्टँड एक. शाळेचा संगणक व्हिडिओ उघडतानाच अडकतो, म्हणून एडिटिंग फोनवरच.

पहिला विषय मुलांनीच निवडला, कापसाची वेचणी. या दिवसांत आमच्याकडे दुसरं काही दिसतच नाही. अर्ध्या मुली रविवारी वेचायलाच असतात.

आता झालं काय ते सांगते. एक मुलगी तिच्या आजीचं शूटिंग करत होती, मी मागे उभी होते. आजी कमरेला ओटी बांधून दोन्ही हातांनी भराभर वेचत होती आणि तोंडही चालू होतं. कापसाचा भाव, दुखणारा गुडघा, पहिल्या वेच्यात किती निघाला अन् आता किती. इतकं छान बोलत होती! नातीनं फोन समोर धरला आणि म्हणाली, "आजी, नीट बोल. शाळेत दाखवायचं आहे." आजीचे हात थांबले. तिनं पदर डोक्यावर घेतला, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार. मी कापूस वेचत आहे." बस्स, पुढे एक शब्द नाही. एरवी ती "येचू रायली" म्हणते.

मला फार लागलं ते, कारण "नीट बोल" हे आम्ही शिक्षकच वर्गात दिवसातून दहा वेळा म्हणतो. बाकीच्या गटांचंही तेच. काठी माईकसारखी धरून बातमीदाराच्या सुरात बोलतात, स्वतःच्या बापालाही "आपलं या संदर्भात काय मत आहे" असं विचारतात. फोन तर पाणी शिंपडल्यासारखा इकडून तिकडे फिरतो. आणि आवाज? वारा आणि शेजारच्या शेतातला फवारणीचा पंप, एवढंच ऐकू येतं.

मला खरंच शिकायचं आहे. माणसं आपल्या बोलीत बोलावीत यासाठी मुलांना काय सांगू? खर्च न करता आवाज स्वच्छ कसा घेऊ? आणि तीन फोनांत ३१ मुलं कशी गुंतवू? सध्या तिघं शूटिंग करतात आणि बाकीचे बोरं खातात.

लग्नाचं शूटिंगवाला, आर्वी

मॅडम, मी १८ वर्षांपासून लग्नाचं शूटिंग करतो. आवाजाचं आधी सांगतो, कारण चित्र थोडं हललं तरी लोक पाहतात, पण ऐकू आलं नाही तर कोणीच बसत नाही.

माईक तोंडाजवळ पाहिजे, दुसरा उपाय नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज एकदम पडतो, आणि फोन तो भरून काढायला आवाज आपोआप वाढवतो. त्यामुळे वारा अन् पंपही वाढतात. तारेचे साधे इअरफोन असतात ना, मधे छोटा माईक असलेले? ते दुसऱ्या फोनला लावा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डर सुरू करा आणि आजीच्या कमरेला ठेवा. माईकचा तुकडा छातीपाशी पदराच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने टाचा. कापडाआड राहिला की वाराही अडतो. फक्त वर लोंबणारं मंगळसूत्र किंवा माळ घासायला नको, ती खरखर नंतर काढता येत नाही.

दोन्ही फोन सुरू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगला चित्रातली टाळी अन् आवाजातली टाळी जुळवली की काम झालं. एकेक तुकडा चार-पाच मिनिटांच्या वर नेऊ नका, फोनच्या व्हिडिओत नंतर ओठ अन् आवाज मागे-पुढे होतात.

फोन फिरवण्याचं औषध एकच. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर हात हलवायचा नाही. कोपरं पोटाला टेकवायची. दुसरं काही दाखवायचं असेल तर बंद करा, चाला, पुन्हा सुरू करा. माझ्याकडे नवीन पोट्टा आला की महिनाभर मी त्याला फक्त हेच करायला लावतो.

वर्गात ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. ओपन कॅमेरा हे ॲप फुकट आहे. फोन मुभा देत असेल तर त्यात शटर, म्हणजे एका चित्राला उजेड घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. शेतात मात्र चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे उजेड लॉक होतो आणि पदराच्या सावलीतला चेहरा काळा पडत नाही.

जागेचा हिशोबही मुलांना करू द्या. १०८० वर मिनिटाला साधारण १२५ एमबी जातात, म्हणजे १६ जीबीच्या कार्डात दोन तास. रोज संध्याकाळी नको ते उडवायचं.

वडशाचा नाटकवाला

मॅडम, मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. दिवाळी झाली की होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज फेकावा लागतो. तुमची मुलंसुद्धा फोनला शेवटची रांग समजून बोलतात, म्हणून त्यांचा सूर चढतो. त्यांना सांगा, फोन म्हणजे हातभर अंतरावर बसलेला माणूस.

आजीचे हात थांबले तिथंच सगळं गेलं. हात चालू असले की तोंड आपोआप चालतं. म्हणून नातीनं समोर उभं राहायचंच नाही. कॅमेरा मैत्रिणीकडे द्यायचा, स्वतः आजीच्या बाजूच्या तासात (दोन ओळींमधे) शिरून वेचू लागायचं आणि वेचता वेचता विचारायचं. "कसं वाटतं", "काय संदेश द्याल" असले प्रश्न नकोत. "काल किती किलो झाला?", "हे बोंड काहून सोडलं?" असं विचारा. जिला काम येतं ती कामाबद्दल न अडखळता बोलते.

आणि उत्तर संपलं असं वाटलं की गप्प बसायचं. मनात पाच मोजा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या पाचात येते.

खाली अक्षरं टाकणार असाल तर "वेचत आहे" असं दुरुस्त करून टाकू नका. ती "येचू रायली" म्हणाली तर तेच लिहा. आमच्या झाडीबोलीत आम्ही नाटकं करतो, तिकिटं काढून लोक येतात. बोली ही चूक आहे असं मुलांना एकदा वाटलं की ती घरातल्यांकडेही तशाच नजरेनं पाहू लागतात.

निवृत्त मास्तर, अचलपूर

ताई, ३१ मुलांचं मी सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, पहिला मोठा चित्रपट काढण्याच्या आधी, कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली होती. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढताना दिसलं आणि त्यांना भांडवल मिळायला मदत झाली. तुम्ही विज्ञानाच्या, हे तुमच्याच विषयात बसतं.

प्लास्टिकच्या ग्लासात बरबटी (चवळी) लावा. जुना फोन स्टँडवर ठेवा आणि स्टँडचे पाय जिथे टेकतात तिथे खडूच्या खुणा करा. प्रत्येक मुलाच्या वाट्याला तीन फोटो, ठरलेल्या तासाला. ३१ गुणिले ३ म्हणजे ९३ फोटो. सेकंदाला १० लावले तर नऊ सेकंदांचा व्हिडिओ होतो. एकानं जरी टाळलं तरी रोप तिथे उडी मारतं, ते सगळ्यांना दिसतं. खिडकीच्या उन्हात ठेवू नका, उजेड लुकलुकतो.

फोन नसलेल्या गटांना वहीच्या जाड पुठ्ठ्यात १६ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटरची खिडकी कापून द्या. त्यातून पाहायचं आणि काय घ्यायचं ते कागदावर काढायचं. मग फोन हातात आल्यावर वेळ वाया जात नाही.

शिक्षिका, मेहकर

फक्त एक आठवण. यूट्यूबवर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आणि आजीलाही विचारा, ती फक्त नातीला हो म्हणाली होती, गावाला नाही.

विज्ञानाच्या मॅडम, घाटंजी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन शनिवार गेले, म्हणून आता लिहिते.

संमतीचे कागद झाले. आजीचा अंगठा नातीनंच घेतला, आधी काय लिहिलंय ते पूर्ण वाचून दाखवून. बरबटीचे ६७ फोटो झालेत. दोन ठिकाणी रोप उडी मारतं आणि ते कोणाचे फोटो हे वर्गाला पाठ आहे. पुठ्ठ्याच्या खिडक्या मुलांनी स्वतःच रंगवल्या.

आणि आजी. सकाळी साडेसातला गेलो, दव होतं. नात बाजूच्या तासात वेचत होती, कॅमेरा मैत्रिणीच्या हातात, माईक पदराआड. नातीनं विचारलं, "आजी, सकायीच काहून येचतं तू?" आजी वर न पाहता म्हणाली, "उनात पाला वायते माय, मंग तो कापसाले चिपकते. सकायी नरम रायते." मी अठरा किलोमीटरवरून रोज या गावात येते, विज्ञान शिकवते, आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मग नात गप्प बसली. मोजत होती, मला दिसत होतं. पाचाच्या आत आजी बोलली, "तुह्या मायले म्या असंच शिकोलं होतं, याच वावरात." त्या मुलीची आई दोन वर्षांपूर्वी गेली.

वर्गात हेडफोन लावून ऐकताना एका मुलाच्या लक्षात आलं की बोलणं थांबल्यावर बोंडातून कापूस सुटतानाचा आवाज येतो, बारीक, कापड फाटल्यासारखा. सगळ्यांनी रांगेनं ऐकला. ते बारा सेकंद कापायचे की ठेवायचे यावर तासभर चर्चा झाली आणि मुलांनी ते ठेवले.

आता पुढचे दोन गट गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे जाणार आहेत. गिरणी सुरू असताना माईक कुठे लावायचा, आर्वीच्या दादांनी सांगावं. आणि कोणाकडे तारेचे जुने इअरफोन पडून असतील, एका कानाचा आवाज गेलेले असले तरी चालतील, माईक चालू पाहिजे, तर इथेच कळवा. आमच्याकडे एकच आहे आणि गट सहा.