गाडी चालू व्हायना, इंजिनचा दिवा लागायलाय. लवकर सांगा

लातूरचा_पाहुणा: सकाळी चावी फिरवली की नुसतं कट्-कट्. धक्का मारला की चालू होते. मग इंजिनचा, एबीएसचा, स्टिअरिंगचा, सगळे दिवे एकदम. मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला. परवा घरच्यांना घेऊन तुळजापूरला जायचंय. कोणता सेन्सर असेल?

जालनेकर: पेट्रोल का डिझेल? बॅटरी किती जुनी?

लातूरचा_पाहुणा: डिझेल. बॅटरी कंपनीचीच आहे हो, मी सेन्सरचं विचारायलोय.

डिझेलभाऊ: डिझेल म्हणल्यावर ग्लो प्लग, थंड इंजिन गरम करून पेटवायला मदत करतो तो. आमचे बदलले, विषय संपला.

परभणी_वायरमन: ग्लो प्लग गेला तर सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) फिरतो, इंजिन पेट घेत नाही. यांचा सेल्फच फिरेना. तीन दिवे म्हणजे तीन बिघाड नाहीत. व्होल्टेज पडलं की एकेक कॉम्प्युटर आपापली तक्रार नोंदवतो. "कंपनीची" म्हणजे गाडीसोबत आलेली का? साल सांगा. बॅटरीला व्होल्टमीटर लावा: रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली नको, चालू इंजिनवर १३.८ ते १४.५. हा शेवटचा आकडा कमी आला तर अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा, बघा.

बीडचे_बाप्पा: मीटर कशाला? चालू गाडीची निगेटिव्ह वायर काढायची. बंद पडली की अल्टरनेटर गेला. अँबॅसिडरला हेच करायचो.

परभणी_वायरमन: बाप्पा, जुन्या अँबॅसिडरला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नव्हता. वायर काढल्यावर व्होल्टेज उसळलं तर बॅटरीच्या कैकपट खर्च. कुणीही करू नका.

बीडचे_बाप्पा: कॉम्प्युटर घातले अन् गाड्या नाजूक झाल्या.

जालनेकर: आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षं टिकली तरी लई. मरते उन्हाळ्यात, कळतं थंडीत. ऑइल घट्ट झालं की सेल्फला जोर लागतो.

लातूरचा_पाहुणा: गाडी २०२० ची, बॅटरी तीच. शेजाऱ्याचा मीटर लावला. सकाळी १२.१, सेल्फला ८.४, चालू झाल्यावर १४.२. मग सेन्सर बदलू का नको?

परभणी_वायरमन: नको! अल्टरनेटर ठीक आहे. आधी टर्मिनलवरची पांढरी बुकणी खायचा सोडा अन् गरम पाण्यानं साफ करा, घट्ट आवळा. नंतर बॅटरीची लोड टेस्ट, म्हणजे जोर देऊन तपासणी. त्यात नापास झाली तर नवी टाका, कोड (कॉम्प्युटरनं नोंदवलेली तक्रार) पुसा. पुसूनही तोच कोड परत आला तरच सेन्सरचं बघा. निगेटिव्ह काढताना आधी, लावताना शेवटी.

डिझेलभाऊ: तरी ग्लो प्लग बघून घ्या.

नांदेड_इन्व्हर्टर: माझ्या इन्व्हर्टरची बॅटरी सारखं पाणी मागायलीय, कामून?

बीडचे_बाप्पा: तुळजापूरला औशावरूनच जा, रस्ता चांगला आहे.