२४ व्होल्ट सोलर: बॅटरी रात्री अकरालाच का बसते?

प्रश्न: ३३० वॅटची दोन पॅनेल (७२ सेल, पॅरललमध्ये), पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवणारा साधा चार्ज कंट्रोलर), १५० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये. वापर १,२०० वॅट-अवर. तरी इन्व्हर्टर ११ वाजताच बंद पडतो. बॅटऱ्या बदलाव्यात का?

उत्तर १: इतक्यात नको. ही पॅनेल ३७ व्होल्टच्या आसपास पूर्ण ताकद देतात. पीडब्ल्यूएम त्यांना बॅटरीच्या २७ वर खाली ओढतो. ६६० पैकी जेमतेम ४७५ वॅट हाती लागतात. ३० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलची पूर्ण ताकद काढून घेणारा कंट्रोलर) लावा. पॅनेल सिरीजमध्ये घेणार असाल तर १५० व्होल्टचाच. सिरीजमध्ये दोन्हींचा मिळून ओपन सर्किट व्होल्टेज (लोड न जोडता दिसणारा) ९२ च्या घरात असतो, थंडीच्या सकाळी आणखी चढतो. १०० व्होल्टचा कंट्रोलर जळू शकतो.

उत्तर २: आधी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारं साधन) लावा. पूर्ण चार्जनंतर प्रत्येक सेल १.२४० च्या जवळ हवा. सगळे कमी असतील तर चार्जिंगच अपुरं. एखादाच ०.०३० ने मागे असेल तर इक्वलायझिंग चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणणारा जादा चार्ज) द्या, खोलीत हवा खेळती ठेवून. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरा, नाहीतर ॲसिड उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही त्या बुडण्यापुरतं.

उत्तर ३: लोड चालू असताना मोजा. बॅटरीवर २४.५ आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २३.५ दिसले, तर दोष केबलचा किंवा ढिल्या लगचा (केबलच्या टोकाचा धातूचा जोड).